पिट्सबर्गमध्ये नव्यानं राहायला आलात? बस, पूल, घरपट्टी आणि नगरपालिकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मराठी मंडळींचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: घर कुठे घेऊ, गाडीशिवाय भागेल का, बसचं तिकीट किती. दोन-तीन वर्षं झाली की प्रश्न बदलतात. एवढा कर का कापला जातो, गावाच्या मधोमध एवढी मोकळी जागा का पडली आहे, आपण नागरिक नसताना सभेत बोलायला गेलं तर चालतं का. दोन्ही प्रकारची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. शहर समजून घ्यायचं तर पहिल्या प्रश्नांवर थांबून चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पिट्सबर्ग मोठं शहर आहे की लहान?

शहराच्या हद्दीत २०२०च्या जनगणनेनुसार साधारण ३ लाख ३ हजार माणसं राहतात. १९५० साली हाच आकडा जवळपास ६ लाख ७७ हजार होता. म्हणजे पोलादाच्या भरभराटीत सुमारे पावणेसात लाखांसाठी बांधलेले रस्ते, पूल, पायऱ्या, जलवाहिन्या आज तीन लाख लोक आपल्या करातून सांभाळतात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराच्या मुळाशी ही एक गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगितली.

दुसरी गोष्ट हद्दीची. पिट्सबर्ग ज्या अ‍ॅलेघेनी काउंटीत आहे तिची लोकसंख्या साडेबारा लाख आणि तिच्यात १३० वेगवेगळ्या स्थानिक संस्था. पत्त्यात ‘पिट्सबर्ग’ आहे म्हणजे तुम्ही शहरात राहता असं नाही. टपाल खात्याची हद्द आणि नगरपालिकेची हद्द वेगळी. ग्रीन ट्री, पेन हिल्स, मन्रोव्हिल इथे बरीच भारतीय कुटुंबं आहेत, पण ही तिन्ही स्वतंत्र गावं आहेत. त्यांचे महापौर वेगळे, शाळा वेगळ्या, करही वेगळे. घराचा करार करण्याआधी कचरा कोण उचलतं आणि शाळा-जिल्हा (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) कोणता, एवढं विचारलं की हद्द कळते.

गाडीशिवाय राहता येईल का?

येईल, पण सगळीकडे नाही. ओकलंड, शेडीसाइड, स्क्विरल हिल, ब्लूमफील्ड, डाउनटाउन आणि पूर्व बसवेच्या (फक्त बससाठीच्या वेगळ्या रस्त्याच्या) स्थानकांजवळच्या वस्त्या इथे गाडीशिवाय संसार होतो. ६१ आणि ७१ क्रमांकांच्या बस ओकलंडमधून जातात आणि विद्यापीठं, मोठी रुग्णालयं, डाउनटाउन यांना जोडतात. स्क्विरल हिलमध्ये मरी अव्हेन्यूवर किराणा, औषधं, वाचनालय सगळं पायी अंतरावर मिळतं. विमानतळावर जायला २८एक्स ही बस ओकलंडहून डाउनटाउनमार्गे जाते. टॅक्सीच्या मानानं तिचं भाडं नाममात्र आहे, आणि सामान घेऊन चढणारी माणसं तिच्यात रोजचीच.

माझा सल्ला: घर बघताना आधी थांबा बघा, मग स्वयंपाकघर. आणि बसचं रविवारचं वेळापत्रक उघडून बघा. आठवड्याच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी येणारी बस रविवारी तासाला एक असू शकते. रविवारी कामावर जाणाऱ्या माणसाला हा फरक फार महागात पडतो.

देवळाची गोष्ट वेगळी. पेन हिल्सच्या टेकडीवरचं श्री व्यंकटेश्वर मंदिर १९७०च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. मन्रोव्हिलचं हिंदू-जैन मंदिरही तसंच उपनगरात. दोन्हीकडे बसनं जायचं म्हणजे उरलेला चढ पायी चढणं आलं. तिथे मात्र कुणाच्या तरी गाडीतली जागा मागावी. लोक आनंदानं नेतात.

तिकीट किती, कुणाला सवलत?

एका प्रवासाचं भाडं २.७५ डॉलर. कनेक्टकार्ड किंवा फोनवरचं तिकीट वापरलंत तर त्याच भाड्यात तीन तास बस, ट्राम आणि इन्क्लाइन (टेकडीवर रुळांवरून तिरकी चढणारी गाडी) बदलता येतं. रोख दिलंत तर ही मुभा नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कार्ड करून घ्या. पिट आणि कार्नेगी मेलन या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्र टेकवलं की पुरतं. ते पैसे फीमध्येच घेतलेले असतात. डाउनटाउन आणि नॉर्थ साइडच्या मधल्या स्थानकांवर ट्राम सगळ्यांनाच फुकट.

६५ वर्षांवरच्यांचा प्रवास पेनसिल्व्हेनियाच्या लॉटरीच्या पैशांतून मोफत असतो. भारतातून आलेल्या पाहुण्या आईवडिलांना ही सोय लागू होते का, हे स्मिथफील्ड स्ट्रीटवरच्या सेवा केंद्रात त्यांचा पासपोर्ट घेऊन जाऊन विचारावं. अन्नमदत घेणाऱ्या कुटुंबांसाठी ‘अ‍ॅलेघेनी गो’ नावाची अर्ध्या भाड्याची योजना आहे. आपल्यापैकी कुणाला लागत नसेल, पण शेजारच्या कुटुंबाला सांगा. योजना असते आणि माहिती पोचत नाही, असं फार होतं.

नकाशात रस्ता दिसतो, पण तिथे तर जिना आहे. असं कसं?

तो जिना म्हणजेच तो रस्ता. पिट्सबर्गमध्ये असे सुमारे ८०० सार्वजनिक जिने आहेत आणि त्यांतले कित्येक नगरपालिकेच्या दप्तरी रीतसर रस्ते म्हणून नोंदलेले आहेत. कोपऱ्यावर इतर रस्त्यांसारखीच नावाची पाटी, आणि पुढे डांबराऐवजी सिमेंटच्या पायऱ्या, बाजूला लोखंडी नळीचा कठडा. काही ठिकाणी या जिन्यांवरच घरांची दारं उघडतात. फ्रिज, पलंग, आजारी माणूस, सगळं त्या पायऱ्यांवरूनच न्यावं लागतं.

हे हौसेनं बांधलेलं नाही. पोलादाच्या गिरण्या नदीकाठी, सपाटीला. कामगारांची घरं वर टेकडीवर. पाळी सुटली की माणसं पायऱ्या चढून घरी जायची. आज गिरण्या बहुतेक गेल्या, पण पायऱ्या अजून बसथांब्यापर्यंत पोचवतात. हिवाळ्यात सगळ्या जिन्यांवरचं बर्फ काढलं जात नाही आणि काही जिने मोडून बंद पडले आहेत. बंद जिन्यामुळे दोन मिनिटांवरचा बसथांबा वीस मिनिटांवर जातो, म्हणून पायरी तुटलेली दिसली तर ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकाला, कळवा. बीचव्ह्यू भागात कँटन अव्हेन्यू नावाचा ३७ टक्के चढाचा रस्ता आहे, तो बघायला लोक मुद्दाम येतात. मी म्हणेन, ते बघून झालं की त्याच भागातल्या ब्रॉडवे अव्हेन्यूवर रस्त्याच्या मधून धावणारी ट्रामही बघा.

एवढ्या जुन्या शहरात मेट्रो का नाही?

एके काळी इथे साठाहून जास्त ट्राममार्ग होते. १९६४ साली पोर्ट ऑथॉरिटीनं, म्हणजे काउंटीच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनं, खासगी कंपन्या ताब्यात घेतल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बहुतेक रूळ बंद झाले. त्याच सुमारास ‘स्कायबस’ नावाची, चालकाविना रबरी चाकांवर उन्नत मार्गानं धावणारी योजना पुढे आली. साउथ पार्कमध्ये तिचा नमुना धावलाही. वर्षानुवर्षं वाद, खटले, राजकारण होऊन ती बारगळली. उरल्या त्या दक्षिणेकडच्या थोड्या ट्राममार्गांचं पुढे ‘टी’ झालं: रेड, ब्लू आणि सिल्व्हर लाइन. डाउनटाउनखाली तिचा भुयारी मार्ग आहे आणि २०१२ साली नदीखालून बोगदा काढून ती नॉर्थ शोअरपर्यंत नेली. त्या कामावर पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. माझ्या मते तेवढ्या पैशांत ओकलंडला आधी काहीतरी मिळायला हवं होतं. खरी गर्दी तिकडे आहे.

या शहरानं जे खरोखर चांगलं केलं ते बसवे. फक्त बससाठी वेगळा रस्ता, मध्ये सिग्नल नाही, खासगी गाड्या नाहीत, ठरावीक अंतरावर स्थानकं. दक्षिण बसवे १९७७चा, पूर्व बसवे १९८३चा, पश्चिम बसवे २०००चा. पुण्यात २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी आली तेव्हा इथल्या दक्षिण बसवेला तीस वर्षं होत आली होती. पूर्व बसवे रेल्वेमार्गाला खेटून जातो आणि डाउनटाउनपासून स्विसव्हेलपर्यंत सुमारे साडेचौदा किलोमीटर आहे. संध्याकाळी पी१ बसमध्ये बसलात की शेजारच्या रस्त्यांवर लागलेली गाड्यांची रांग मागे पडत जाते. सार्वजनिक वाहतूक म्हणजे ज्यांना गाडी परवडत नाही त्यांची सोय, हा समज घेऊन आलेल्यांनी ही बस एकदा गर्दीच्या वेळी धरावी. आता डाउनटाउन ते ओकलंड फिफ्थ आणि फोर्ब्ज अव्हेन्यूंवर बससाठी राखीव मार्गिकांचं काम हाती घेतलेलं आहे. त्याचं नाव ‘युनिव्हर्सिटी लाइन’. खोदकामाचा त्रास आहे, पण काम योग्य जागी आहे.

पोर्ट ऑथॉरिटीचं नाव २०२२पासून पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिट झालं आहे. जुनी माणसं अजून पॅट म्हणतात.

इन्क्लाइन फक्त पर्यटकांसाठी आहे का?

नाही. माउंट वॉशिंग्टनवर राहणारी माणसं कामावर जायला ती वापरतात. मोनोंगहिला इन्क्लाइन १८७०ची, ड्युकेन १८७७ची. ड्युकेन १९६२ साली बंद पडली होती. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली आणि १९६३ साली ती पुन्हा सुरू केली. आजही तिचा कारभार ना-नफा संस्थाच बघते.

इथले पूल सुरक्षित आहेत का?

हा प्रश्न २८ जानेवारी २०२२नंतर सगळेच विचारतात, आणि विचारायलाच हवा. त्या दिवशी पहाटे साडेसहानंतर फ्रिक पार्कच्या दरीवरचा फर्न हॉलो पूल कोसळला. फोर्ब्ज अव्हेन्यूवरचा हा पूल, वरून ६१बी बस जात होती. ती जोडबस तुटलेल्या पुलाच्या तिरप्या भागावर अडकून राहिली. चालक आणि प्रवासी वाचले. सुमारे दहा जण जखमी झाले, कुणी दगावलं नाही. बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा भरणार होत्या, म्हणून रस्त्यावर गर्दी कमी होती. रोजची वेळ असती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडन पायाभूत सुविधांवर बोलायला शहरात यायचे होते. ते पुलापाशी येऊन गेले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०२४ साली जे निष्कर्ष मांडले ते प्रत्येक रहिवाशानं वाचावेत असे आहेत. पोलाद असं होतं की त्यावर गंजाचा पातळ थर बसून तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. पण त्यासाठी ते अधूनमधून कोरडं व्हावं लागतं. इथे पाणी वाहून जायच्या जागा पालापाचोळ्यानं आणि कचऱ्यानं तुंबल्या, पाणी पुलाच्या पायांशी साचत राहिलं आणि पोलाद पोखरलं गेलं. पाहणीच्या अहवालांमध्ये वर्षानुवर्षं तेच लिहिलेलं होतं: निचरा साफ करा, दुरुस्ती करा. नगरपालिकेनं ते केलं नाही. एका नागरिकानं २०१८ साली पुलाखालच्या पूर्ण गंजून तुटलेल्या आडव्या पट्टीचा फोटो ट्विटरवरून ३११ला पाठवला होता.

नवा पूल वर्ष संपायच्या आत उभा राहिला. शहरात ४४६ पूल आहेत असं सांगितलं जातं. ते सगळे नगरपालिकेचे नाहीत, काही काउंटीचे, काही राज्याचे. त्या घटनेनंतर शहरानं आपल्या पुलांकडे जास्त लक्ष द्यायला सुरुवात केली, काही पूल बंद केले, काहींवर वजनाची मर्यादा घातली. तुमची बस अचानक वळसा घेऊन जायला लागली तर चिडू नका. बंद केलेला पूल हे काम होत असल्याचं लक्षण आहे. चिडायचं तर वळणाची पाटी वेळेवर लावली नाही म्हणून चिडा.

बससेवा बंद होणार, कमी होणार, अशा बातम्या सारख्या का येतात?

कारण पैसा कुठून येणार हे कायमचं ठरलेलंच नाही. तिकिटातून खर्चाचा लहान वाटा निघतो. बाकी भार राज्य, केंद्र आणि काउंटीवर. काउंटीनं २००८ साली यासाठी हॉटेलातल्या दारूवर १० टक्के कर बसवला, पुढच्या वर्षी तो ७ टक्क्यांवर आणला; तो आजही बससाठीच जातो. २०११ साली राज्याचे पैसे आटले तेव्हा सेवा १५ टक्क्यांनी कमी झाली. २०१३चा राज्याचा वाहतूक कायदा आला आणि जरा श्वास घेता आला. २०२५मध्ये पुन्हा तीच वेळ आली: सुमारे दहा कोटी डॉलरची तूट, आणि सेवा ३५ टक्के कमी करण्याचा, चाळीसहून जास्त मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव. शेवटी यंत्रसामग्री आणि बांधकामासाठी राखलेले पैसे रोजच्या खर्चाला वापरायची राज्यानं परवानगी दिली आणि दोन वर्षांची सोय झाली.

हा तोडगा मला चिंतेचा वाटतो. नव्या बस घ्यायचे पैसे आज डिझेलवर आणि पगारावर गेले तर उद्या जुन्या बस मोडकळीला येणार. राज्याची राजधानी हॅरिसबर्गच्या विधानसभेत ग्रामीण भागातल्या आमदारांना पिट्सबर्ग-फिलाडेल्फियाच्या बसचं महत्त्व पटवावं लागतं, आणि ते काम ‘पिट्सबर्गर्स फॉर पब्लिक ट्रान्झिट’सारख्या प्रवासी-संघटना नेटानं करतात. २०२५च्या सुनावण्यांत व्हीलचेअरवरची माणसं, रात्रपाळीच्या परिचारिका, विद्यार्थी तासन् तास रांगेत थांबून बोलले. त्यांच्यात आपली माणसं आणखी दिसायला हवीत.

पगारातून एवढा स्थानिक कर का कापला जातो?

शहरात राहत असाल तर कमाईवर एकूण ३ टक्के, त्यातला मोठा वाटा शाळांचा. बऱ्याच उपनगरांत हाच कर १ टक्का असतो. शिवाय शहरात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे, मग तो राहायला कुठेही असो, वर्षाला ५२ डॉलर. घर विकत घेतलंत की घरपट्टीचे तीन वाटे: शहर, शाळा आणि काउंटी. इथलं मूल्यांकन २०१२च्या किमतींवर आधारलेलं आहे, त्यामुळे शेजारच्याची घरपट्टी तुमच्याहून बरीच कमी असू शकते. तुम्ही चढ्या भावानं घर घेतलंत हे बघून शाळा-जिल्हा मूल्यांकन वाढवण्यासाठी अपील करू शकतो. घर घेताना हा खर्च धरून चाला.

कराबद्दल कुरकुर खूप ऐकू येते, म्हणून हेही सांगतो. २०११ साली शहरातल्या मतदारांनी कार्नेगी वाचनालयासाठी स्वतःच्या घरपट्टीत थोडी वाढ बहुमतानं मंजूर केली. शाखा बंद पडण्याची वेळ आली होती. आज तुमची मुलं तिथे फुकट पुस्तकं आणतात ती त्या मतांमुळे. दुसरीकडे, मोठी रुग्णालयं आणि विद्यापीठं ना-नफा म्हणून त्यांच्या बहुतेक जमिनीवर घरपट्टी देत नाहीत. शहरातला सर्वांत मोठा नियोक्ता, यूपीएमसी हा रुग्णालयसमूह, त्यांतच आला. हा वाद प्रत्येक महापौराच्या काळात निघतो आणि तो न्याय्य आहे असं मला वाटतं.

डाउनटाउनला लागून एवढी मोकळी जागा आणि पार्किंग का आहे?

ती मोकळी नव्हती. तिथे लोअर हिल होतं: दुकानं, चर्च, जॅझचे क्लब, मुख्यतः कृष्णवर्णीयांची दाट वस्ती, सोबत ज्यू, इटालियन, सीरियन कुटुंबं. नगर-पुनर्विकासाच्या नावाखाली १९५६पासून ती पाडायला घेतली. सुमारे ८,००० माणसं आणि चारशेवर व्यवसाय उठवले गेले. बेथेल ए. एम. ई. हे जुनं चर्च १९५७ साली पाडलं. त्या जागी सिव्हिक अरीना हे बंदिस्त क्रीडागार बांधलं, १९६१ साली उघडलं, आणि पन्नास वर्षांनी तेही पाडलं. मग राहिली ती पार्किंगची जागा.

सेंटर अव्हेन्यू आणि क्रॉफर्ड स्ट्रीटच्या नाक्याला फ्रीडम कॉर्नर म्हणतात. १९६०च्या दशकात रहिवाशांनी तिथे फलक लावला होता: यापुढे पुनर्विकास चालणार नाही. बुलडोझर तिथेच थांबले. आज तिथे स्मारक आहे, आणि तिथे उभं राहून डाउनटाउनकडे पाहिलं की काय गेलं त्याचा विस्तार डोळ्यांत मावतो. २०२१ साली महामार्गावर छत घालून वर फ्रँकी पेस पार्क केलं, म्हणजे हिलमधून पायी डाउनटाउनला येता येतं. बेथेल चर्चला दीड एकर जमीन परत देण्याचा करार २०२३ साली जाहीर झाला. घर शोधताना ‘हिलकडे जाऊ नका’ असं कुणी सांगितलं तर हा इतिहास त्याला सांगा.

ईस्ट लिबर्टीसारख्या भागातली भाडी एवढी का वाढली?

गूगलचं कार्यालय २०१० साली बेकरी स्क्वेअरमध्ये, म्हणजे जुन्या नाबिस्को बेकरीत आलं, मागोमाग महागडी दुकानं आली. २०१५मध्ये पेन प्लाझा या इमारतींतल्या दोनशेहून जास्त रहिवाशांना जागा सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यानंतरच्या संतापातून लॉरेन्सव्हिलमध्ये २०१९ साली नियम झाला: २० किंवा जास्त घरांच्या नव्या इमारतीत दहा टक्के घरं परवडणाऱ्या दरात. पुढे ब्लूमफील्ड, पोलिश हिल, ओकलंड इथे तो लागू झाला. नियमामुळे बांधकामच थांबतं असं विकासक म्हणतात. आपल्यापैकी बरेच जण तंत्रज्ञानाच्या पगारावर याच भागांत भाड्यानं येतो, तेव्हा या वादात आपण बाजूला उभे नाही.

मी नागरिक नाही, व्हिसावर आहे. मला बोलता येतं का?

बोलता येतं, मत देता येत नाही. मतदारयादीबद्दल आधी कडक शब्दांत सांगतो: वाहन परवाना काढताना मतदार-नोंदणीचा प्रश्न आला तर ‘नाही’च म्हणा. चुकून नोंद झाली तरी ग्रीन कार्ड, नागरिकत्व सगळं अडचणीत येऊ शकतं.

बाकी दारं उघडी आहेत. नगर परिषदेत नऊ प्रभागांचे नऊ नगरसेवक. मंगळवारी सकाळी सभा असते आणि नाव नोंदवलं की तीन मिनिटं बोलता येतं. व्हिसा कोणी विचारत नाही. बससेवेच्या मंडळासमोरही बोलता येतं. वस्त्यांच्या संघटना बांधकामांवर जाहीर बैठका घेतात, त्याही खुल्या असतात.

तीन मिनिटं लहान वाटतात, पण नीट वापरली तर भरपूर होतात. बसचा क्रमांक, थांब्याचं नाव, वेळ, आणि नेमकं काय हवं ते सांगा: ‘रविवारी सकाळी सातच्या आधी ६१डी नाही, रुग्णालयाची पाळी सातला सुरू होते.’ कागदावर लिहून न्या, एक प्रत चिटणिसाकडे द्या. इंग्रजी अडखळलं तर हळू बोला, घड्याळाकडे बघू नका. आणि जाताना शेजारच्या थांब्यावर भेटणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत न्या. त्याच बसबद्दल त्याचीही तीन मिनिटं असतात.